आवाजाची वाटणी



ऊसतोडीचा हंगाम लागला, की आमच्या कडेगाव तालुक्यातल्या रस्त्यांना रात्र उरत नाही. वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडे भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरवर टेप. ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचं गाणं येतं. मागच्या गाडीचा हॉर्न मात्र त्या चालकापर्यंत पोहोचत नाही.

एकाला मी विचारलं, "बाबा, एवढा मोठा कशाला लावतोस?" तो म्हणाला, "चाचा, झोप येऊ नये म्हणून लावतो. आणि बारीक केला की गाण्यातलं बोलणंच कळत नाही." मी कविता लिहिणारा माणूस. शब्द कळावा म्हणून कुणी आवाज वाढवत असेल, तर त्याला नुसतं रागावून कसं चालेल? शब्द का कळत नाही, हे आधी बघायला हवं.

आमच्याकडे गाड्यांना टेप बसवून देणारा एक तरुण आहे. त्याच्या दुकानात बसून मी हे समजून घेतलं. माणसाच्या कानाला साधारण 20 पासून 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. ढोलाचा घुमारा शंभराच्या आतबाहेर असतो. 'स'ची सळसळ मुख्यतः चार हजारांच्या वर असते. 'म' आणि 'आ' यांचा भरणा खाली, तर 'च', 'ट', 'त' यांची धार वर. बोलण्यातली धार गेली की 'सात' काय आणि 'हात' काय, सगळं सारखंच. एकच स्पीकर हे सगळं नीट वाजवू शकत नाही. खालचा आवाज काढायला मोठा, जड पडदा लागतो; वरचा काढायला हलका, बोटभर. म्हणून वूफर वेगळा, मधला वेगळा आणि ट्विटर वेगळा. या तिघांत आवाजाची वाटणी करणारी जी छोटी पट्टी असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात.

टेंभू योजनेचं पाणी आमच्याकडे आलं, तसं चारीवरच्या दारांचं महत्त्व सगळ्यांना कळलं. पण पाणी कुठल्याही वाफ्यात सोडलं तरी ते पाणीच. आवाजाचं तसं नाही. इथे चाळण लागते. ही चाळण दोनच वस्तूंची. तांब्याच्या तारेची कॉइल खालचा आवाज जाऊ देते, वरचा अडवते. कंडेन्सर बरोबर उलटं करतो. म्हणून वूफरच्या वाटेत कॉइल आणि ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर.

आणि यात लागणारं सामान आपल्या गावातच मिळतं. विहिरीच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्याकडे तांब्याची तार असते. छताच्या पंख्याचा कंडेन्सर बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो. असे पाच समांतर जोडले की साडेबारा होतात. गाडीचा स्पीकर सहसा 4 ओहमचा. हिशेब मांडला, तर 3200 कंपनांच्या आसपास वाटणी होते. वूफरसाठी त्याच ठिकाणी सुमारे 0.2 मिलिहेन्रीची कॉइल लागते. मात्र कंडेन्सर प्लस-मायनसच्या खुणेचा नको. गाण्याची वीज दोन्ही दिशांनी धावते.

ही झाली सगळ्यात साधी चाळण. तिच्यात वाटणीच्या जागेपासून दूर गेल्यावर दर सप्तकाला ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. एक कॉइल, एक कंडेन्सर अशी जोडी प्रत्येक वाटेत घातली, तर ती सोळाव्या हिश्श्यावर येते आणि ट्विटर जास्त सुरक्षित राहतो. अशा वेळी ट्विटरच्या तारा बहुधा उलट जोडाव्या लागतात. नाहीतर वाटणीच्या जागी एक स्पीकर पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो आणि नेमका शब्दांचा भाग खड्ड्यात जातो. हे गणित नीट बसवणारी एक रचना सीगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली या दोन अभियंत्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. 1976 साली ती प्रसिद्ध झाली.

पुस्तकातला 4 ओहमचा आकडा प्रत्यक्षात स्थिर नसतो. कंपनं बदलली की तोही बदलतो. म्हणून शेवटी कानानेच बघावं लागतं. मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली दोरा सरकवत ऐकत राहतात. हेही तसंच काम. दोन कॉइली शेजारी बसवायच्या, तर एक उभी, एक आडवी. म्हणजे त्या एकमेकींत ढवळाढवळ करत नाहीत. ट्विटर फार कर्कश वाटला, तर त्याच्या वाटेत रेझिस्टर घालून तो शांत करायचा. चालक बसतो उजवीकडे. त्याच्या कानाशी असलेला ट्विटर साहजिकच मोठा वाटतो, तेव्हा त्याचं तोंड फिरवून बघायचं. अगदी खालच्या बेससाठी मात्र ही युक्ती महाग पडते. 80 कंपनांवर वाटणी करायची, तर कॉइल 8 मिलिहेन्रीची होते. केवढी तरी तार लागते. म्हणून तिथली वाटणी अॅम्प्लिफायरच्या आधीच करतात.

टेपच्या खोक्यावर '50 वॅट गुणिले 4' छापलेलं असतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर टेपच्या आतला अॅम्प्लिफायर प्रत्येक स्पीकरला सलग वीसेक वॅटच देऊ शकतो. त्याच्या पुढे बटण फिरवलं, की आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात वरच्या कंपनांची ताकद वाढते आणि ट्विटर जळतो. ट्विटर जळला की शब्द गेला. मग शब्दासाठी पुन्हा बटण वाढवायचं. हे चक्र मी त्या दुकानात कितीदा पाहिलं आहे.

यात जळणारी दुसरी वस्तू म्हणजे कान. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त ऐकू नये. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला फक्त एक तास. आमचा चालक रात्रभर ऐकतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि बहुधा आधी वरचीच कंपनं ऐकू येईनाशी होतात. म्हणजे पुन्हा 'स' आणि 'त'.

कडेगावात मोहरमला गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात. हिंदू-मुसलमान दोघांचेही ताबूत असतात, मेळवाले गातात. त्या गर्दीतही माणसं शब्दाला कान देतात. ज्या गावाला असं ऐकायची सवय आहे, त्या गावातल्या पोरांनी पंचविशीतच बहिरं व्हावं, हे मला सहन होत नाही.

म्हणून गाडीमालकांना माझी विनंती आहे. यंदा टेपवर खर्च करणार असाल, तर आणखी मोठा खोका घेऊ नका. आहेत त्याच स्पीकरांची वाटणी नीट करून घ्या आणि ट्विटर जिवंत आहे का तेवढं बघा. शब्द स्पष्ट आला, की चालक आपणहून बटण खाली आणतो. माझ्यासमोर एकाने आणलं. आणि झोप येत असेल, तर त्यावर गाणं हा उपाय नाही. त्या पोराला दोन तास झोपू द्या. ऊस तेवढा वेळ थांबेल.