कायद्याचे अध्यापन आणि अनेकान्त दृष्टी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



‘कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा’ ही ऑस्टिनची व्याख्या पाठ केली की विद्यार्थ्याला गुण मिळतात. परंतु ज्या समाजाची मंदिरे, धर्मशाळा आणि पाठशाळा विश्वस्त व्यवस्थेवर चालतात, त्याला ‘कायदा म्हणजे काय’ हा प्रश्न परीक्षेपुरता ठेवून चालत नाही.

मुंबई राज्यात १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. नोंदणी, हिशेब आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख त्याने आणली. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्याला आव्हान दिले. पारशी पंचायतीच्या निधीचे विश्वस्तही न्यायालयात गेले होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. नोंदणी व हिशेबाची बंधने टिकली. आयुक्तालयाच्या खर्चासाठीचे अंशदान कर नसून शुल्क आहे, म्हणून तेही टिकले. मात्र मंदिरासारख्या संस्थेवर आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्याची मुभा, आणि दात्याचा मूळ हेतू साध्य होण्याजोगा असतानाही निधी अन्यत्र वळविण्याचा अधिकार, घटनाबाह्य ठरला.

कोणती कलमे टिकली, एवढेच गाइडमधून वाचणाऱ्यास त्यामागील विचार हाती लागत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २६ धर्मविषयक बाबींचे व्यवस्थापन संप्रदायाकडे सोपवितो. संपत्तीचा कारभार मात्र कायद्यानुसार करावयास सांगतो. ही सीमारेषा कोठे ओढावी, हाच खरा प्रश्न होता. हिशेब मागणे म्हणजे धर्मात हस्तक्षेप, की दात्याच्या विश्वासाचे रक्षण?

हार्वर्ड विद्यापीठात लँगडेल यांनी १८७० च्या दशकात प्रत्यक्ष निकालपत्रांवरून कायदा शिकविण्याची पद्धत रूढ केली. तिला अनेकान्ताची जोड द्यावी. विद्यार्थ्यापुढे प्रथम केवळ वस्तुस्थिती ठेवावी, निकाल झाकावा. त्याने आधी मंदिराची बाजू मांडावी, मग शासनाची; आणि दोन्ही तितक्याच निष्ठेने. ‘स्यात्’ हा शब्द संशय शिकवीत नाही. कोणत्या अपेक्षेने विधान खरे आहे, ते सांगण्याची शिस्त लावतो. न्यायालयानेही तेच केले: कारभाराच्या अपेक्षेने शासनाचे म्हणणे ग्राह्य, धर्मकार्याच्या अपेक्षेने मंदिराचे.

तथापि, अनेकान्त म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. न्यायासनावर बसलेल्यास अखेर एक आदेश लिहावाच लागतो आणि त्याचा भार कोणाच्या तरी जीवनावर पडतो. म्हणून विद्यार्थ्याने शेवटी स्वतःचा निर्णय लिहावा. आणि ज्याच्या विरुद्ध तो गेला, त्याला समजतील अशा शब्दांत कारणे द्यावीत. हरलेल्याचा युक्तिवाद ऐकला गेला, हे निकालपत्रातून दिसले पाहिजे. बोलण्यातील अहिंसा ती हीच.

समाजातील अनेक मुले-मुली आज कायद्याच्या अभ्यासाकडे वळत आहेत. पाठशाळेच्या सभागृहात त्यांनी हा खटला दोन रविवार चालवावा, दुसऱ्या रविवारी बाजू बदलून. विश्वस्तांनी श्रोते म्हणून बसावे. ज्या कायद्याखाली संस्था चालते, तो धाकापेक्षा विचाराने पाळण्याचा संस्कार त्यातून दोन्ही पिढ्यांवर होईल.

जय जिनेंद्र.