बुद्ध, नीत्शे आणि बर्ट्रांड रसेल

१९४३ सालच्या आरंभीं बर्ट्रांड रसेल सत्तर वर्षांचे होते आणि परक्या देशांत पुन्हां एकदां बेकार झाले होते. न्यूयॉर्क येथील सिटी कॉलेजांतील त्यांची नेमणूक १९४० सालीं न्यायालयानें त्यांच्या विवाहविषयक मतांमुळें रद्द ठरविली होती. पुढें फिलाडेल्फियानजीकच्या बार्न्स फाउंडेशनशीं झालेला पांच वर्षांचा करारहि दोन वर्षांतच संपुष्टांत आला. करारभंगाच्या दाव्यांत त्यांना २०,००० डॉलर मंजूर झाले. परंतु वाचकांच्या पदरीं पडलें तें याहून मोठें होतें. त्या संस्थेंत दिलेल्या व्याख्यानांतूनच ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ हा ग्रंथ १९४५ सालीं निघाला.

इतका वाचनीय इतिहास क्वचितच आढळेल, आणि इतका पक्षपातीहि. प्रत्येक विचारवंताला त्याच्या काळच्या समाजकारणासह उभें करावयाचें हा संकल्प स्तुत्य खरा. पण पुष्कळजण येथें आरोपीच्या पिंजऱ्यांतच उभे दिसतात. लाइबनिट्सनें आपलें खरें तत्त्वज्ञान पेटींत बंद ठेविलें आणि राजेरजवाड्यांना रुचेल तेवढेंच प्रसिद्ध केलें, हा ठपका निदान रसेल यांच्या १९०० सालच्या स्वतंत्र अभ्यासावर आधारलेला आहे. रूसोपासून हिटलरपर्यंत ओढलेली सरळ रेषा मात्र युद्धकाळाच्या संतापाची आहे. बायरन या कवीला स्वतंत्र प्रकरण मिळतें, कीर्केगार्डला एकहि नाहीं! इब्न सीनानें सत्त्व आणि अस्तित्व यांत केलेल्या भेदाचा टॉमस अक्वायनसनें केवढा उपयोग केला. तरी अरबी तत्त्वज्ञांच्या वांट्याला येथें मुख्यत्वें निरोप्याचेंच काम येतें.

परंतु या ग्रंथाचा खरा कस लागतो तो नीत्शेवरील प्रकरणांत. तेथें रसेल एक काल्पनिक वाद रचतात. ईश्वरासमोर एका बाजूस बुद्ध, दुसऱ्या बाजूस नीत्शे. बुद्ध महारोगी, दरिद्री, बहिष्कृत यांचीं दुःखें सांगतो. नीत्शेचें उत्तर असें कीं, क्षुद्रांचें दुःखहि क्षुद्रच, त्यासाठीं अश्रू कशाला गाळावयाचे? रसेल बुद्धाच्या बाजूनें कौल देतात आणि लगेच कबूल करतात कीं, हा कौल गणितांतील सिद्धान्ताप्रमाणें सिद्ध करतां येत नाहीं. अखेर प्रश्न भावनेचा आहे. कबुली प्रामाणिक आहे. तथापि जन्मभर तर्काचें शस्त्र परजणाऱ्या पंडितानें, हिटलरचें सैन्य युरोप तुडवीत असतां, नेमकें याच ठिकाणीं तें म्यान करावें हें खटकतें.

शिवाय, ज्याला साक्षीस बोलाविलें त्याला पुरतें बोलूं तरी दिलें काय? रसेल यांचा बुद्ध केवळ कनवाळू आहे. बौद्ध परंपरेपाशीं मात्र करुणेसाठीं युक्तिवादहि होता. आठव्या शतकांतील शांतिदेवाच्या ‘बोधिचर्यावतारां’त त्याची मांडणी आहे. स्थिर असा ‘मी’ जर कोठें सांपडतच नाहीं, तर दुःखाला मालक कोण? मग आपलें दुःख निवारावें आणि दुसऱ्याचें निवारूं नये, हा भेद कशाच्या आधारें करावयाचा? दुःख हें दुःख म्हणूनच दूर केलें पाहिजे. या युक्तिवादांत छिद्रें नाहींत असें नाहीं; दुःख वाईट, हें गृहीत त्यांतहि आहेच. पण नीत्शेला त्याचें उत्तर द्यावें लागलें असतें. कारण थोरांचें दुःख आणि क्षुद्रांचें दुःख हा त्याचा सारा भेद ‘कोणाचें’ या प्रश्नावरच उभा आहे.

आणि गंमत अशी कीं, या युक्तिवादाचें पहिलें विधान रसेल यांच्या हातीं होतें. अंतर्मुख होऊन पाहिलें असतां संवेदना तेवढ्या दिसतात, ‘मी’ असा कोणी दिसत नाहीं, या ह्यूमच्या मताचें त्यांनीं याच ग्रंथांत स्वागत केलें आहे. ह्यूम आणि नीत्शे यांच्यामध्यें प्रकरणें आहेत अवघीं सात. तेवढीं ओलांडून तें विधान बुद्धाच्या तोंडीं घातलें असतें, तर ईश्वरासमोरील तो वाद तेथें संपला आहे तितक्या लवकर खास संपला नसता.