पोराचे वेड आणि बापाचे कान



'तरुणांचे संगीत' या विषयावर बोलायला चालकांनी आम्हांला का बोलावले, हे आम्हांला अजून उमगलेले नाही. आमचा जन्म महालातला, नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्याची, आणि संगीताचे ज्ञान म्हणाल तर मैफलीत मान डोलावण्यापुरते. परंतु आमच्या घरातला एक मुलगा आमच्या डोळ्यांदेखत हेवी मेटलच्या नादी लागला. तो कसा लागला ते आम्ही जवळून पाहिले आहे. तेवढेच सांगतो.

असले वेड एका रात्रीत लागते, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्याकडे तसे झाले नाही. २००४ साली चिरंजीव आठवीत होते. कुणा मित्राने त्यांना लंडनच्या 'आयर्न मेडन' या वाद्यवृंदाची एक सीडी दिली. दोन गाणी झाली आणि चिरंजीवांनी स्वतःच ती बंद केली. "डोकं दुखते," हा त्यांचा पहिला अभिप्राय. आमचाही तोच होता; पितापुत्रांचे एकमत होण्याचा तो दुर्मिळ प्रसंग! पण सीडीच्या वेष्टनावर एक चित्र होते. 'एडी' नावाचा एक भयंकर सांगाडा १९८० सालच्या पहिल्या संचापासून या मंडळींच्या मुखपृष्ठांवर ठाण मांडून आहे. चिरंजीवांनी तो वहीच्या मागच्या पानावर काढला. आमच्या आईने पाहिला मात्र, "अगा बाप्पा, हे कोणतं भूत आणलं रे घरात?" म्हणून तिने देवाजवळ उदबत्ती लावली. म्हणजे आधी डोळे गेले. कान मागाहून गेले.

नववीत एकच गाणे घरात घुमू लागले, 'द ट्रूपर'. त्यात घोड्यांच्या टापांसारखी एक लय आहे. ती आवडली म्हणून तो पुन्हा पुन्हा लावी. एके दिवशी त्याने विचारले, "बाबा, बालाक्लावा कुठे आहे?" आम्ही चमकलो. क्रिमियातली ती १८५४ सालची लढाई टेनिसनच्या कवितेमुळे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात लढत आलो होतो, आणि इथे ती आमच्याच ओसरीवर चालली होती! दहावीत त्याहून नवल घडले. कोलरिजची म्हाताऱ्या खलाशाची कविता १७९८ सालची. या लोकांनी १९८४ साली तिच्यावर तेरा मिनिटांहून मोठे गाणे रचले. चिरंजीव मूळ कविता मागायला आले. वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने ती आपणहून मागितली नव्हती. आम्ही पुस्तक दिले, पण गाणे मात्र ऐकले नाही. तेवढा मोठेपणा अंगी नव्हता.

इथवर सारे गमतीचे होते. पुढचे सांगताना आजही आमची जीभ अडखळते. १७ मार्च २००७ रोजी ही मंडळी प्रथमच भारतात, बंगळूरला आली. चिरंजीव अकरावीत, परीक्षा तोंडावर. "जाऊ का?" "नाही." आम्ही कारणही दिले नाही. तो भांडला नाही, रुसला नाही. जेवला आणि दिवा मालवून निजला. दुसऱ्या दिवसापासून घरातला तो गोंगाट थांबला. कानात इअरफोन घालून तो एकटा ऐकू लागला. आम्हांला शांतता हवी होती, ती मिळाली. आणि दोन महिन्यांत ती आम्हांला खाऊ लागली. मुलगा समोर बसलेला, पण दार आतून लावलेले.

शेवटी पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्हीच म्हणालो, "ते कोलरिजचे गाणे लाव बघू." त्याने आमच्याकडे संशयाने पाहिले. मग म्हणाला, "बाबा, सगळं एकदम ऐकू नका. आधी फक्त बास ऐका." हा बास वाजवणारा स्टीव्ह हॅरिस, १९७५ साली वाद्यवृंद काढणारा. तो तारा बोटांनी छेडतो, नखीने नव्हे. पहिल्या खेपेला काही कळले नाही. तिसऱ्या खेपेला त्या गदारोळाच्या तळाशी एक धावती, स्वच्छ रेघ सापडली. ती धरून ठेवल्यावर तिच्यावरच्या गिटारी एकमेकींपासून सुट्या झाल्या. मध्येच सारे थांबते, जहाज करकरते आणि कवितेच्या ओळी कुणी नुसत्या बोलतो. तिथे आमच्या अंगावर काटा आला, हे कबूल केले पाहिजे.

आम्हांला त्या वेळी आमचे वडील आठवले. ते बालगंधर्वांचे भक्त. वसंतराव देशपांड्यांचे गाणे त्यांना दांडगाईचे वाटे. वसंतराव तर नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले, म्हणजे आपल्याच गावचे. तरी आम्हांला ते गाणे वडिलांपासून लपून ऐकावे लागले होते! त्याच घरात आम्ही आता आमच्या वडिलांची खुर्ची चालवत होतो.

१ फेब्रुवारी २००८. आयर्न मेडनच्या जगप्रवासाचा पहिलाच कार्यक्रम मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. गायक ब्रूस डिकिन्सन हा वैमानिकही आहे. त्या प्रवासाचे बोइंग विमान तोच चालवत असे. आणि चिरंजीवांची बारावीची परीक्षा जेमतेम महिन्यावर! नातलगांनी आम्हांला वेड्यात काढले. या वेळी त्याने विचारलेच नाही. आम्हीच विदर्भ एक्सप्रेसची दोन तिकिटे काढून त्याच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ठेवली.

मैदानावर काळ्या सदऱ्यांचा समुद्र, आणि त्यात आमचा पांढरा झब्बा. एका पोराने, "काका, पुढे या, इथून नीट दिसेल," म्हणून वाट करून दिली. मैफलीत इतक्या अदबीने आम्हांला क्वचितच कुणी पुढे नेले असेल. खलाशाचे गाणे त्या रात्री झाले. हजारो पोरांना ते तोंडपाठ होते. शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नाही आणि याहून मोठे बक्षीसही नाही.

परीक्षा बेताचीच झाली. आमच्या निर्णयाने काही गुण गेले असतील, नाही असे म्हणवत नाही. आणि आपण समजता तसा चिरंजीव पुढे ख्यालाचा रसिकही झाला नाही. विलंबित सुरू झाले की तो अजून घड्याळ पाहतो.

तो आता परगावी असतो. २०२४ च्या डिसेंबरात त्याचा रात्री उशिरा फोन आला. आम्ही घाबरून उचलला. "बाबा, निको मॅकब्रेनने दौरे थांबवले. बहात्तर वर्षांचा झाला. तुम्हांला आठवतो ना? मुंबईचा ड्रमवाला." आम्ही म्हणालो, "आठवतो रे. वाद्यांच्या ढिगाआड लपलेला, दिसत नव्हता." मग बराच वेळ दोघेही फोन धरून बसलो.