बांधणीची रीत बदलताना



आजचा विषय काहींना केवळ यंत्रज्ञांचा वाटेल. पण अनेक हातांनी मिळून एखादे काम करायचे ठरवले की त्याची एक रीत ठरवावी लागते, आणि ती रीत जुनी झाली म्हणजे बदलायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. त्याच प्रश्नाचा आज आपण संगणकाच्या क्षेत्रात विचार करू.

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर. परंतु हा मजकूर सहसा यंत्राला जसाच्या तसा चालवता येत नाही. शेकडो फायलींचे रूपांतर करून, त्या एकमेकींना जोडून चालती वस्तू सिद्ध करावी लागते. हीच बांधणी. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे सांगते ती बांधणीची व्यवस्था. पुरण करपले तर पुरणच पुन्हा शिजवावे, कणीक पुन्हा भिजवू नये, एवढे शहाणपण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली 'मेक' नावाच्या साधनात घातले. त्यात आज्ञेची ओळ 'टॅब' या कळीनेच सुरू व्हावी, असा एक विचित्र नियम होता. थोड्याच आठवड्यांत वापरणारे बाराएक जण झाले, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून तो नियम तसाच राहिला. त्या बारा जणांच्या सोयीचा भार जग अजून वाहत आहे! रूढी जन्मतात त्या अशा.

मग रीत बदलावी तरी कशी? पोस्टग्रेस्क्यूएल हे माहितीचे साठे राखणारे विख्यात मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या बांधणीच्या दोन रीती होत्या. युनिक्सच्या कुळातील यंत्रांसाठी ऑटोकॉन्फ आणि मेक ही एक. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या साधनांनी बांधणाऱ्यांसाठी पर्ल भाषेतली दुसरी. सप्टेंबर २०२२ मध्ये, दोन्हीकडे चालेल अशी 'मेसन' ही व्यवस्था त्यांनी घरात आणली. पण जुने घर लगेच पाडले नाही. २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत तिन्ही रीती एकत्र नांदल्या. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत विंडोजची जुनी रीत निघाली. मेकची मात्र त्या आवृत्तीतही राहिली. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. आम्ही याला सौजन्य म्हणतो. ज्यांचे काम जुन्या रीतीवर उभे आहे, त्यांना सामान हलवायला अवधी दिला पाहिजे.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मार्च २०२४ मध्ये मिळाले. 'एक्सझेड' हे फायली आवळून लहान करणारे साधन. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली सापडली. तिला आत घेणारा तुकडा बांधणीच्या मजकुरात होता. आणि तोही सर्वांना दिसणाऱ्या संग्रहात नव्हे, तर वाटपासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात. ही चोरी पकडली आंद्रेस फ्रॉइंड यांनी. दूरच्या यंत्रात प्रवेश मिळायला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून त्यांना शंका आली. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये मेसन आणण्यात पुढाकार होता तोही याच गृहस्थांचा!

यावरून जुनी व्यवस्था वाईट आणि नवी निर्धोक, असा निष्कर्ष कोणी काढू नये. एक्सझेडच्या बांधणीत 'सीमेक' या नव्या व्यवस्थेचाही मजकूर होता. त्यात एक फाजील टिंब घालून एक संरक्षण गुपचूप निकामी केलेले आढळले. एक टिंब, श्रोतेहो! नवी व्यवस्था राखण करीत नाही; राखण करतात ते वाचणारे डोळे.

तेव्हा रीत बदलणाऱ्याला आम्ही एकच प्रश्न विचारू: 'यामुळे अधिक माणसांना बांधणी वाचता येईल काय?' वेग वाढला, चांगले झाले. ओळी कमी झाल्या, तेही चांगले. पण मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आणि बांधणी मात्र दोघातिघांनाच कळणारी, अशी स्थिती असेल, तर ते स्वातंत्र्य अर्धेच म्हटले पाहिजे. उरलेले अर्धे मिळवण्यासाठी हे कंटाळवाणे, बिनकौतुकाचे काम कोणीतरी करीत असते. त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.