लक्ष्मीबाई टिळक : एका भाविक घराची माउली

(संस्थेच्या अमृतमहोत्सवातील महिलामेळाव्यात झालेले भाषण)



महोत्सवाच्या चालकांनी आम्हांला 'आदर्श माता' हा विषय दिला आहे. अशा वेळी जिजाबाईंचे किंवा श्यामच्या आईचे नाव घ्यावे असा आपल्याकडे प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. आम्ही मात्र आज रविवारी चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करणाऱ्या एका मराठी आईविषयी बोलणार आहोत. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल; निदान त्यातला एखादा उतारा शाळेत वाचलेला असेल. या पुस्तकात त्या आपल्या पतीला सरळ 'टिळक' म्हणतात. त्यामुळे मागे एका सभासदांचा असा समज झाला होता की, ही लोकमान्यांच्या घरची हकीकत आहे. तसे नव्हे. हे टिळक म्हणजे कवी नारायण वामन टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, लाडाने मनू. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यापासून वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. ते सोवळे साधेसुधे नव्हते. बाजारातून आणलेले मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घरात घ्यावयाची! धुतलेल्या मिठाचे काय उरत असेल याचा विचार घरातल्या बायकांनी करावयाचा. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. वडिलांवर त्यांचा राग दिसत नाही. पण ज्या घरात त्या वाढल्या तेथे विटाळाची भीती कशी श्वासाबरोबर आत जात असे, हे वाचणाऱ्याला बरोबर कळते. पुढची हकीकत ऐकताना हे मीठ आपण ध्यानात ठेवावे.

अकराव्या वर्षी लग्न झाले. टिळक बुद्धिमान, कवी, मनाचे उदार, तितकेच शीघ्रकोपी. आणि एका जागी त्यांचा पाय ठरत नसे. आज येथे तर उद्या तेथे. बायकोला आप्तांच्या घरी ठेवून निघून जावे आणि मागाहून अचानक बोलवावे, असे किती वेळा झाले! आधीची अपत्ये हाती लागली नाहीत. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा राहिला. संसार नागपूर, राजनांदगाव असा फिरला. राजनांदगाव म्हणजे तेव्हाचे मध्य प्रांतातले संस्थान. आपल्यासारखीच तीही मुलखाबाहेर बिऱ्हाड मांडून राहिलेली मराठी माणसे होती. त्या राजनांदगावाला जातानाच आगगाडीत टिळकांना एका गोऱ्या गृहस्थाने बायबल वाचावयास दिले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला पूर्वसूचना नव्हती. त्या काळी या गोष्टीचा अर्थ काय होता हे आजच्या तरुण मंडळींना समजावून सांगावे लागेल. नवरा हयात, पण बाईची स्थिती ना सवाशिणीची ना विधवेची. पदरात चार वर्षांचे मूल. आणि बाप मुलाला केव्हा घेऊन जाईल याची धास्ती रात्रंदिवस. आप्तांनी त्यांना टाकले नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. बहिणीने आणि इतर नातलगांनी सांभाळले. पंढरपुरासही त्या राहिल्या. त्या दुःखात त्यांना कविता सुचू लागल्या. शाळा त्यांनी पाहिलेली नव्हती. अक्षरओळख टिळकांनी घरीच करून दिलेली, तीही मोडकीतोडकी. तरीही दुःख ओवीत बसविण्याची कला आपल्या आज्या-पणज्यांना जात्यावर बसून अवगत होतीच. लक्ष्मीबाईंपाशी तीच पुंजी होती.

काही वर्षांनी त्या पतीकडे नगरास परत गेल्या. परंतु त्या गेल्या म्हणजे त्यांनी पतीचा धर्म घेतला असे कोणी समजू नये. नवऱ्याच्या गावी राहूनही त्यांनी चूल वेगळी ठेवली, सोवळे ठेवले, पाणी वेगळे ठेवले. टिळकांनीही, इतक्या तापट माणसाने, या बाबतीत जबरदस्ती केली नाही. एके दिवशी बाईंच्या मनात आपले आपणच विचार आले : माणूस देवाने निर्माण केला हे खरे, पण जाती कोणी निर्माण केल्या? जनावरांत वेगवेगळ्या जाती दिसतात, माणसांत तसे दिसत नाही. मग हा भेद माणसानेच केलेला असला पाहिजे. हे मनाला पटताच त्यांनी ठरविले की, यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे. आणि ते नुसते ठरवून ठेवले नाही, तसे केलेही. ज्यांच्या माहेरी मीठ धुऊन घेत त्या बाईने हे केले.

बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आम्हांला या चरित्रातले सर्वांत मोलाचे स्थळ हेच वाटते. पुष्कळांची श्रद्धा आधी ओठांवर येते आणि स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावयास तिला जन्म लागतो. कित्येकांची तर पोहोचतच नाही. लक्ष्मीबाईंची श्रद्धा चुलीपासून निघाली आणि मागाहून प्रार्थनामंदिरात गेली. आपल्या या संस्थेच्या पहिल्या वर्षांतल्या पंगती कशा बसत, कोण कोठे बसे, हे येथील ज्येष्ठ सभासदांना ठाऊक आहे. त्याचा विस्तार या मंगलप्रसंगी नको.

पुढचा संसार म्हणजे लोकांच्या लेकरांचा संसार. दुष्काळाचे ते दिवस. पोरकी मुले टिळकांच्या घरी आली आणि राहिली. तारा नावाच्या मुलीला त्यांनी आपलीच लेक म्हणून वाढविले. घरात पैसा नाही, टिळक कोणालाही जेवावयास घेऊन येणार, हातचे देऊन टाकणार, आणि सर्वांच्या पानात काही तरी पडले पाहिजे ही काळजी मात्र लक्ष्मीबाईंची. अशा वेळी बाईंनी देवाला प्रार्थना केली असेल यात शंका नाही. त्याचबरोबर त्या नवऱ्याशी भांडतही असत, आणि ती भांडणे त्यांनी पुस्तकात लपविलेली नाहीत. 'साध्वी' म्हणून ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो त्या बायका कधी चिडत नसत, असे आपल्याकडे मानतात. आमचा त्यावर विश्वास नाही.

याच घरात एक तरुण कवी आला : त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. तो लक्ष्मीबाईंचा मुलगाच होऊन राहिला. त्याचे रुसणे, हट्ट, खाण्याच्या लहरी हे सर्व त्यांनी आईच्या नजरेने टिपले आहे. बालकवींच्या कविता आपण पाठ केल्या. पण तो माणूस म्हणून कसा होता हे जाणावयाचे तर 'स्मृतिचित्रे'च उघडावी लागतात. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. एका वर्षाच्या अंतराने मुलगा मानलेला गेला आणि पती गेला.

टिळक ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहीत होते. सुरुवातीचे थोडे अध्याय होऊन ते राहून गेले. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली! जोडाक्षर लिहिताना जिची लेखणी अडे, त्या बाईने. पतीचे अर्धे राहिलेले काम पुरे करणे याला आपल्याकडे व्रत म्हणतात. त्यांनी ते व्रताप्रमाणेच केले. टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गातात. त्यामुळे देवाशी बोलताना लक्ष्मीबाईंना परकी भाषा कधी शिकावी लागली नाही. टिळकांनी त्यांना इंग्रजी शिकविण्याचा खटाटोप एकदा केला होता, तो मात्र फुकट गेला.

'स्मृतिचित्रे' लिहिली गेली ती मुलामुळे. देवदत्त वडिलांच्या चरित्राची सामग्री जमवीत होते. आईने आठवणी सांगावयास सुरुवात केली, आणि वडिलांच्या चरित्राऐवजी आईचेच पुस्तक उभे राहिले. पहिला भाग १९३४ साली निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई निवर्तल्या. शेवटचा भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. ई. जोसेफिन इंकस्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० साली आले आणि शांता गोखले यांचे २०१७ साली. मध्यंतरी, १९८९ मध्ये, त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या मूळ शब्दांना जपणारी संपादित आवृत्ती काढली. मुलाने आईला लिहिते केले आणि नातवाने तिचे लिखाण राखले. आजीचे मृत्युपत्र जपणारे नातू पुष्कळ आढळतात. तिचे शब्द जपणारा विरळा.

आपल्या वाचनालयात या आवृत्तीच्या दोन प्रती आहेत, त्या आज मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेविल्या आहेत. नाव लिहून न्याव्या आणि पंधरा दिवसांत परत आणून द्याव्या, म्हणजे पुढच्यांना मिळतील.