मूळ प्रत घरात हवी

संकेतस्थळ म्हटलं की ते दूर कुठंतरी महाजालावर असतं, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. जगाला दिसते ती सर्व्हरवरची प्रत. जिच्यावर काम करायचं ती मूळ प्रत मात्र आपल्याच संगणकावर असायला हवी. गेली अनेक वर्षं मी संकेतस्थळं तयार करतो, आणि प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच सांगतो.

२००९च्या ऑक्टोबरात याहूनं अमेरिकेतली जिओसिटीज ही सेवा बंद केली. हौशी मंडळींनी तिथं मोफत पानं थाटली होती. काही स्वयंसेवकांनी जमतील तेवढी पानं उतरवून घेतली. पण ज्यांच्या घरी स्वतःची प्रत होती, त्यांना कुणावर विसंबावं लागलं नाही.

ही प्रत ठेवायची कशी? एका संकेतस्थळाला एक फोल्डर. पानं, चित्रं, सारं त्याच्याच पोटात. चित्र डेस्कटॉपवर आणि पान फोल्डरात असेल, तर आपल्या संगणकावर ते झकास दिसतं, जगाला मात्र रिकामी चौकट दिसते. ड्रीमविव्हरसारख्या साधनाला हा फोल्डर एकदा दाखवून ठेवला, की चित्राची जागा बदलताना ‘संबंधित पानांतले पत्तेही बदलू का?’ असं ते स्वतःहून विचारतं. फाइलींची इंग्रजी नावं लहान लिपीतच ठेवावीत. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जाणवत नाही. लिनक्स सर्व्हरला जाणवतो.

पीएचपीतली पानं तपासायला आपल्याच यंत्रावर छोटा सर्व्हर बसवता येतो. त्याचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे ‘मी स्वतः’. तिथं हवी तेवढी मोडतोड करा, बाहेर कुणाला कळत नाही. सगळं जुळलं, की बदललेल्या तेवढ्याच फाइली वर चढवायच्या. दोघं-तिघं मिळून काम करत असतील तर गिट वापरावं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. कोणी, कधी, काय बदललं, याची वहीच ते ठेवतं.

एक गोष्ट हमखास निसटते. वर्डप्रेसच्या संकेतस्थळात लेख फोल्डरात नसतात. ते डेटाबेसमध्ये असतात. नुसता फोल्डर जपला तर चित्रं आणि सजावट हाती राहते, मजकूर जातो. डेटाबेसची प्रत वेगळी काढावी लागते.

आपल्या वाचनालयाचं, शाळेचं, मंडळाचं संकेतस्थळ कुणाकडून करून घेतलं असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारा. फोल्डर कुठं आहे? डेटाबेसची प्रत शेवटची कधी काढली? संकेतस्थळाचं नाव कुणाच्या नावे नोंदलेलं आहे? तो माणूस उद्या गाव सोडून गेला, तरी संस्थेच्या कपाटात ही उत्तरं आणि एक प्रत असायला हवी. वर्षानुवर्षांचे अहवाल, जुनी छायाचित्रं, देणगीदारांची नावं पुन्हा गोळा करणं कुणालाच जमत नाही.