अ‍ॅनाकोस्टियाकाठचे कमलोद्यान

मुलालेकींकडे वॉशिंग्टनला जाणारी आपली मंडळी तेथील स्मारके व संग्रहालये मोठ्या निष्ठेने पाहून येतात. परंतु त्याच शहरात अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या काठी केनिलवर्थ नावाचे जे जलोद्यान आहे, आणि जेथे प्रवेशासाठी कोणाकडूनही छदामही घेतला जात नाही, तेथे त्यांनी जुलैतील एखाद्या सकाळी अवश्य जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सकाळीच अशासाठी की, कमळ पहाटे उमलते व दुपारच्या उन्हात मिटू लागते. रात्री फुलणारी कुमुदेही उन्हे चढेपर्यंत उघडी सापडतात.

अमेरिकेच्या यादवी युद्धात उजवा हात गमावलेल्या वॉल्टर शॉ या सरकारी खजिन्यातील कारकुनाने १८८२ साली आपल्या मेन प्रांतातील कुमुदे येथे आणून लावली. छंदाचा व्यापार झाला आणि कन्या हेलन फाउलर हिने तो नावारूपास आणला. पुढे लष्करी अभियंत्यांनी नदीकाठची दलदल रोगट ठरवून नदीचा गाळ उपसण्याचा व काठ बुजविण्याचा सपाटा लावला, तेव्हा या बाईने सरकारदरबारी चिवटपणे दाद मागितली, आणि अखेर १९३८ साली सरकारने १५,००० डॉलर मोजून ही तळी राष्ट्रीय उद्यानांच्या ताब्यात दिली. मांचुरियातील एका आटलेल्या तळ्यात शेकडो वर्षे पडून राहिलेले कमळाचे बी १९५१ मध्ये रुजविण्यात आले. त्याचा वंश येथे आजही फुलतो.

काळ असा फिरला की, १९९३ साली त्याच अभियंत्यांच्या खात्याने नदीतून उपसलेला गाळ पुन्हा याच काठाशी पसरून सुमारे ३२ एकर दलदल नव्याने उभी केली. ज्या चिखलावर येथील मासा, बेडूक, चतुर व बगळा या सर्वांचा निर्वाह चालतो, त्याची योग्यता ओळखण्यास राजधानीला अर्धशतकाहून अधिक काळ लागावा, याचे मला मनापासून दुःख वाटते.

म्हणून तळी पाहून मागे फिरू नये. लाकडी पायवाटेने दलदलीपर्यंत जावे. समुद्र दूर असूनही चेसापीक उपसागराची भरती येथवर चढते, तेव्हा शक्यतो ओहोटीची वेळ साधावी. पाणी ओसरले की पक्षी उघड्या चिखलात भक्ष्य शोधू लागतात आणि कासवे ओंडक्यांवर ऊन खात बसतात. मात्र काठ वर वळलेली, परातीसारखी व्हिक्टोरिया जातीच्या कुमुदांची अजस्र पाने ज्यांना पाहावयाची असतील, त्यांनी ऑगस्टपर्यंत धीर धरावा.